दोन अंगठे, आठ बोटं आणि दहा हजार फ्रँक

लोडशेडिंगच्या दिवसांत घरोघरी एक खेळ चालायचा. मेणबत्तीसमोर दोन्ही हात आडवे धरायचे, अंगठ्यात अंगठा अडकवायचा आणि उरलेली आठ बोटं हलवायची. भिंतीवर पाखरू उडायला लागायचं. २२ जून २०१८ च्या रात्री, विश्वचषकातल्या सर्बिया-स्वित्झर्लंड सामन्यात ग्रानित झाकाने गोल मारला, धावत जाऊन हात छातीशी नेले आणि तेच पाखरू करून दाखवलं. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. अर्धवट झोपेत मला वाटलं, घरी तान्हं बाळ असेल, त्याच्यासाठी केलं असेल. फुटबॉलपटू असलं काही ना काही करतातच.

तान्हं बाळ वगैरे काही नव्हतं. ते पाखरू म्हणजे अल्बानियाच्या झेंड्यावरचा गरुड, आणि झाकाचं घराणं कोसोवोतल्या अल्बानियनांचं. पाऊण तासाने झेर्दान शकिरीने शेवटच्या मिनिटाला दुसरा गोल मारला, अंगातली जर्सी काढली आणि उघड्या छातीवर तेच पाखरू. मग स्वित्झर्लंडचा कर्णधार स्टेफान लिष्टस्टायनर आला, त्यानेही हात जुळवले. तीन दिवसांनी फिफाने त्या पाखराची किंमत ठरवली. झाकाला दहा हजार स्विस फ्रँक, शकिरीला दहा हजार, लिष्टस्टायनरला पाच हजार.

राजकीय खुणांवरून फुटबॉलमध्ये वाद नवे नाहीत. तरी मी पुन्हा पुन्हा याच प्रकरणाकडे येतो. यात सगळे नग आहेत: निर्वासितांची मुलं, दोन देशांचं एकच चिन्ह, नियमपुस्तकातल्या पळवाटा, आणि ज्याचा त्या भूमीशी काडीचा संबंध नाही असा एक कर्णधार. अशा प्रकरणांत सगळे एकच विचारतात, ही खूण राजकीय आहे की नाही? माझ्या मते इथेच गाडी रुळावरून घसरते. राष्ट्रगीत गाऊन, छातीवर राष्ट्राचं चिन्ह लावून खेळायच्या स्पर्धेत राजकारण दारातूनच आत आलेलं असतं. विचारायला हवं ते असं की ही खूण कुणाकडे तोंड करून केली.

त्या रात्री

सामना कालिनिनग्राडला होता. हे शहरही मजेशीर निवडलं गेलं. दुसऱ्या महायुद्धापर्यंत ते जर्मनांचं क्योनिग्सबर्ग होतं, तत्त्वज्ञ कांटचं गाव. युद्धानंतर रशियाने घेतलं आणि पाटी बदलली. कोसोवो म्हणजे २००८ मध्ये सर्बियापासून स्वातंत्र्य जाहीर केलेला, बहुसंख्य अल्बानियन वस्तीचा प्रदेश. त्याच्या प्रश्नावर रशिया सर्बियाच्या बाजूचा, त्यामुळे स्टेडियममध्ये सर्बियाला घरच्यासारखं वातावरण. सर्बियाने पहिला सामना कोस्टारिकाविरुद्ध जिंकला होता. हाही जिंकला असता तर बाद फेरी तिथेच पक्की होती.

ठिणगी आधीच पडलेली होती. शकिरीच्या बुटांवर दोन झेंडे शिवलेले होते, एका टाचेवर स्वित्झर्लंडचा आणि दुसऱ्या टाचेवर कोसोवोचा. त्यावर सर्बियाचा आघाडीपटू अलेक्झांडर मित्रोविचने सामन्याआधीच टोमणा मारला होता, की कोसोवोवर एवढं प्रेम आहे तर त्यांच्याकडून का खेळत नाही? ऐकायला बिनतोड वाटतं. पण कोसोवोला फिफाचं सदस्यत्व मिळालं मे २०१६ मध्ये. शकिरी स्वित्झर्लंडकडून पहिला सामना खेळला २०१० मध्ये.

पाचव्याच मिनिटाला मित्रोविचने हेडरवर गोल केला. झाका आणि शकिरी यांच्या पायाला चेंडू लागला की हुर्यो उडत होती. बोस्नियातल्या नरसंहारासाठी हेगच्या न्यायालयाने आदल्या वर्षी जन्मठेप दिलेल्या रात्को म्लादिचचा चेहरा छापलेले टीशर्ट घातलेले प्रेक्षकही तिथे दिसले. बावन्नाव्या मिनिटाला शकिरीचा फटका अडवला गेला, चेंडू सुटा झाला आणि मागून धावत आलेल्या झाकाने डाव्या पायाने लांबूनच असा हाणला की गोलरक्षकाला हलायलाही वेळ मिळाला नाही. मग पहिलं पाखरू.

मधे एक प्रसंग घडला तो पुढच्या सगळ्या कडवटपणाला कारण झाला. गोलसमोर मित्रोविचला स्वित्झर्लंडच्या दोघा बचावपटूंनी दोन्ही बाजूंनी मिठी मारून खाली पाडलं. त्यातला एक लिष्टस्टायनर. पंच जर्मनीचे फेलिक्स ब्रिख. त्यांनी पेनल्टी दिली नाही, उलट फाउल मित्रोविचचाच धरला. मी तो तुकडा नंतर कितीतरी वेळा पाहिला आहे. माझ्या मते ती पेनल्टी होती. आणि मग नव्वदाव्या मिनिटाला मैदानाच्या मध्यातून चेंडू घेऊन सुटलेला शकिरी, मागे लागलेला बचावपटू, पुढे आलेला गोलरक्षक, त्याच्या अंगाखालून सरकवलेला चेंडू. २-१.

जर्सी काढल्याबद्दल शकिरीला पिवळं कार्ड मिळालं. हातांच्या खुणेबद्दल पंचांनी कुणालाच काही दाखवलं नाही. पंचाच्या वहीत कापडाचा नियम होता, बोटांचा नव्हता.

हे पाखरू कुणाचं?

अल्बानियाच्या झेंड्यावर लाल कापडावर काळा दुतोंडी गरुड आहे. तो पंधराव्या शतकात तुर्कांशी झुंजलेल्या स्कँदरबेगच्या घराण्याचा. जगभरचे अल्बानियन, मग ते अल्बानियातल्या तिरानाचे असोत की कोसोवोतल्या प्रिश्टिनाचे की झुरिकमधले, ही खूण हाताने करतात. लग्नात करतात, शाळेच्या फोटोत करतात.

गंमत म्हणजे सर्बियाच्या राजमुद्रेवरही दुतोंडी गरुडच आहे. फक्त पांढरा. मध्ययुगातल्या नेमानिच घराण्यापासून चालत आलेला. दोघांनीही तो बायझंटाइन साम्राज्याच्या छायेत उचलला. एकमेकांचं तोंड न पाहणाऱ्या दोन भाऊबंदांनी आजोबांची एकच भिकबाळी आपापल्या कानात घालून मिरवावी, तसं हे आहे. सर्बियाच्या सरकारी झेंड्यावरही हा दुतोंडी गरुड असतो आणि त्याबद्दल कालिनिनग्राडला कुणालाच दंड झाला नाही, होणारही नव्हता.

तिसरी गोष्ट बातम्यांत बहुतेकांनी गाळली. कोसोवोच्या स्वतःच्या झेंड्यावर गरुड नाहीच. २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर करताना त्यांनी निळं कापड, सोनेरी नकाशा आणि सहा पांढरे तारे घेतले. तारे तिथल्या सहा समाजांचे, त्यात सर्बही आले. कुठल्याही एका जमातीचं चिन्ह नको, म्हणूनच हा झेंडा निवडला. त्यामुळे झाकाने हाताने जी खूण केली ती देशाची नव्हती, जमातीची होती. शकिरीच्या बुटावरचा झेंडा एक गोष्ट सांगत होता आणि त्याचे हात दुसरी. सर्बियन प्रेक्षकाने त्या हातांत वाचलं ते बृहद् अल्बानिया, म्हणजे सगळ्या शेजाऱ्यांचे लचके तोडून बनवायचा नकाशा.

हा अर्थ त्यांनी हवेतून काढलेला नव्हता. चारच वर्षांपूर्वी, १४ ऑक्टोबर २०१४ ला बेलग्रेडमध्ये सर्बिया-अल्बानिया सामना चालू असताना एक ड्रोन तोच नकाशा आणि गरुड छापलेलं कापड लोंबकळवत मैदानावर उतरला. सर्बियाच्या स्टेफान मित्रोविचने (हा वेगळा मित्रोविच) ते कापड खेचलं, अल्बानियाचे खेळाडू त्याच्या अंगावर धावले, प्रेक्षक मैदानात घुसले, कुणी खुर्ची घेऊन मारायला आलं. बेचाळिसाव्या मिनिटाच्या आसपास थांबलेला तो सामना पुन्हा सुरू झालाच नाही. आधी युएफाने, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेने, सामना सर्बियाला ३-० दिला आणि वर त्यांचेच तीन गुण कापले. पुढच्या वर्षी क्रीडा लवादाने तो निकाल फिरवून सामना अल्बानियाला दिला. त्या रात्री मैदानावर असलेल्या अल्बानियन खेळाडूंमध्ये एक होता तौलांत झाका. ग्रानितचा सख्खा थोरला भाऊ.

आपल्याकडे दोन तोंडांचा पक्षी म्हटला की गंडभेरुंड. म्हैसूरच्या वडेयारांचा, आता कर्नाटक सरकारच्या मुद्रेवरचा. बेळगाव-निपाणीकडच्या माणसाला मी काय सांगणार? लाल-पिवळा झेंडा कुठे लावला, भगवा कुठे उतरवला, यावरून तिथे एसट्या अडतात, पाट्यांना काळं फासलं जातं. तोच लाल-पिवळा झेंडा बंगळुरूच्या क्रिकेट सामन्यात दिसला तर आपण भुवईही उचलत नाही. कापड बदलत नाही, चौक बदलतो.

दोन घरं

झाकाचे वडील रागिप प्रिश्टिनाला विद्यार्थी होते. १९८६ मध्ये युगोस्लाव्ह सरकारविरुद्धच्या निदर्शनांत भाग घेतला म्हणून पकडले गेले आणि साडेतीन वर्षं तुरुंगात राहिले. सुटल्यावर १९९० मध्ये बायकोला घेऊन बाझेलला आले. दोन्ही मुलं तिथेच जन्मली. थोरला अल्बानियाकडून खेळला, धाकटा स्वित्झर्लंडकडून, आणि २०१६ च्या युरो स्पर्धेत लांस गावात दोघे समोरासमोर आले. आई प्रेक्षकांत होती, अर्धा अल्बानियाचा अर्धा स्वित्झर्लंडचा टीशर्ट घालून. त्या दिवशी गरुडावरून वाद झाल्याचं मला आठवत नाही. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. गरुडाला गरुड दाखवून काय करायचं?

शकिरी कोसोवोतल्या गिलानचा, १९९१ चा जन्म. वर्षभराचा असताना घर स्वित्झर्लंडला आलं, बाझेलजवळच्या आउग्स्ट गावात. बापाने हॉटेलात भांडी घासली, मग रस्त्याच्या कामावर गेला. आई शहरातल्या ऑफिसांची साफसफाई करायची; शकिरी आणि त्याचे भाऊ तिच्याबरोबर जाऊन व्हॅक्यूम क्लीनर फिरवायचे. ही गोष्ट त्याने त्या विश्वचषकाच्या आधी स्वतःच लिहून सांगितली होती.

कोसोवोतून स्वित्झर्लंडला आधी हंगामी कामगार आले, मग युद्धातून पळालेले आले. १९८९ मध्ये सर्बियाचा नेता मिलोशेविचने कोसोवोची स्वायत्तता काढून घेतली, १९९८-९९ मध्ये युद्ध झालं, नाटोने ७८ दिवस बाँबफेक केली. आज स्वित्झर्लंडमध्ये कोसोवोशी नातं असणारी माणसं सुमारे दोन लाख आहेत, म्हणजे जवळजवळ जिनिव्हा शहराएवढी. सर्बियाच्या लेखी मात्र कोसोवो अजूनही त्यांचाच प्रांत. १३८९ च्या लढाईची ती भूमी, त्यांच्या जुन्या मठांची भूमी. आपल्या परराष्ट्र खात्याच्या लेखीही कोसोवो नावाचा वेगळा देश नाही. भारताने मान्यता दिलेली नाही. तेव्हा या भांडणात आपण अगदीच त्रयस्थ आहोत असंही म्हणता येत नाही.

झाका सामन्यानंतर म्हणाला की हे माझ्या माणसांसाठी होतं, समोरच्या संघाशी त्याचा संबंध नव्हता. शकिरी म्हणाला, भावनेच्या भरात झालं. बापाच्या साडेतीन वर्षांचा हिशोब मुलाच्या हातांत उतरला असेल तर मला ते समजतं. पण समोरच्यांशी संबंध नव्हता, हे पटत नाही. अल्बानियाविरुद्ध नाही, ब्राझीलविरुद्ध नाही, नेमकं सर्बियाविरुद्ध, तेही हुर्यो उडवणाऱ्या गर्दीसमोर. गावच्या जत्रेत कुस्ती जिंकलेला पैलवान हरलेल्याच्या पाठीराख्यांकडे तोंड करून मांडीवर शड्डू ठोकतो तेव्हा तो देवाला नमस्कार करत होता, असं कुणी म्हणत नाही.

फिफाचा हिशोब

फिफाच्या तेव्हाच्या शिस्तसंहितेत दोन कलमं या प्रकरणाला लागू शकत होती. कलम ५४ म्हणत होतं की सामन्यात प्रेक्षकांना चिथावणारा खेळाडू दोन सामन्यांसाठी बाद आणि वर किमान पाच हजार फ्रँक दंड. कलम ५७ खिलाडूवृत्तीला न शोभणाऱ्या वर्तनाचं. त्यात सामनाबंदीची सक्ती नाही.

कलम ५४ लावलं असतं तर झाका आणि शकिरी कोस्टारिकाविरुद्धचा सामना आणि त्यानंतरचा बाद फेरीचा सामना, दोन्हींना मुकले असते. फिफाने ५७ उचललं, दंड आणि ताकीद. निकाल २५ जूनला आला, स्वित्झर्लंडचा पुढचा सामना २७ ला. खटल्याच्या भाषेत सांगायचं तर खुनाचा आरोप धक्काबुक्कीवर आणला. निकालपत्रात ‘राजकीय’ या शब्दाला हात लावला नाही. तो शब्द एकदा लिहिला असता तर पुढे प्रत्येक बाह्यपट्टी, प्रत्येक फलक, प्रत्येक सॅल्यूट त्यांच्या दारात आला असता.

सर्बियालाही पावती फाटली, आणि मोठी. प्रेक्षकांनी भेदभावाचे फलक आणि संदेश दाखवले, वस्तू फेकल्या, म्हणून सर्बियाच्या संघटनेला ५४ हजार फ्रँक. प्रशिक्षक म्लादेन क्रस्ताइच यांना पाच हजार. ते चिडून म्हणाले होते की पंचाला कार्ड कसलं दाखवता, त्याला हेगला पाठवा, जसा आमच्यावर खटला चालवला तसा त्याच्यावर चालवा. पेनल्टीच्या रागातून बाहेर पडलेलं ते वाक्य या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत राजकीय वाक्य होतं, असं माझं मत आहे. म्लादिचची शिक्षा जेमतेम सात महिन्यांची झाली होती. संघटनेच्या अध्यक्षांनाही त्यांच्या वक्तव्यांबद्दल पाच हजार बसले.

लिष्टस्टायनरला निम्मा दंड का, हे मला या निकालातलं सगळ्यात बोलकं कलम वाटतं. तो ल्युसर्नकडचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा स्विस. अल्बानियाशी नातं शून्य. सहकाऱ्यांवर केवढं दडपण होतं ते मी पाहिलं, म्हणून साथ दिली, असं तो म्हणाला. एकच खूण, एकच मैदान, एकच गर्दी. खूणच गुन्हा असती तर तिघांना सारखा दंड पाहिजे होता. गोल मारून गर्दीला दाखवणं वेगळं आणि मित्राच्या गळ्यात पडताना दाखवणं वेगळं, एवढं फिफाच्या समितीलाही जाणवलं असावं. बोलून दाखवलं नाही, पण आकड्यात लिहिलं.

असं तारतम्य फुटबॉलच्या नियमात एकदा स्पष्ट शब्दांत आलंही आहे. ११ नोव्हेंबर २०१६ ला वेंब्लीवर इंग्लंड आणि स्कॉटलंडचे खेळाडू पहिल्या महायुद्धातल्या मृतांच्या स्मरणार्थ लाल पॉपीचं फूल असलेल्या काळ्या पट्ट्या बांधून उतरले. फिफाने ती राजकीय खूण धरली. इंग्लंडला ४५ हजार फ्रँक दंड झाला. ब्रिटनमध्ये गहजब झाला आणि पुढच्याच वर्षी नियम सैलावला: राष्ट्रीय घटनेचं स्मरण करायला हरकत नाही, पण समोरचा संघ, त्याचे पाठीराखे आणि सर्वसाधारण लोक यांच्या भावनांचा विचार करा. ब्रिटिशांचं वजन होतं म्हणून नियम इतक्या लवकर वाकला हे उघड आहे. कोसोवोसाठी कुणी एवढी धावपळ केली नसती. तरी वाकून तो ज्या ठिकाणी आला ती जागा बरोबर आहे. समोर कोण आहे ते बघा.

अर्थात माझी ही फूटपट्टीही सगळीकडे पुरत नाही. २ जुलै २०२४ ला लाइपझिगमध्ये तुर्कस्तानच्या मेरिह देमिरालने ऑस्ट्रियाविरुद्ध दोन गोल मारले आणि दुसऱ्यानंतर दोन्ही हातांनी लांडग्याची खूण केली, ‘करड्या लांडग्यां’ची, म्हणजे तुर्की अतिराष्ट्रवाद्यांची. समोर ऑस्ट्रियाचे खेळाडू होते. त्यांना त्याचं काय? ज्यांना ती बोचणार होती ते तुर्कस्तानातल्या कुर्द आणि अलेवी या अल्पसंख्य समाजांचे लोक तर मैदानावर नव्हतेच. ते बर्लिन आणि व्हिएन्नाच्या घरांत टीव्ही पाहत बसले होते. युएफाने त्याला दोन सामने बाहेर बसवलं, पुढचा नेदरलँड्सविरुद्धचा सामना तुर्कस्तान १-२ असा हरला, आणि जर्मनी व तुर्कस्तानने एकमेकांच्या राजदूतांना बोलावून घेतलं ते वेगळंच. तेव्हा ‘समोर’ म्हणजे स्टेडियममध्ये एवढाच अर्थ घेऊन चालत नाही. ते मी मान्य करतो.

घरातला धूर

दंडाची रक्कम भरायला माणसं पुढे आली. आर्सेनलसारख्या बड्या क्लबात खेळणाऱ्या झाकाला दहा हजार फ्रँक म्हणजे चहापाणी. गरज कुणालाच नव्हती. तरी अल्बानियाचे पंतप्रधान एदी रामा यांनी ‘गरुडाला घाबरू नका’ अशा नावाने बँकेत खातं उघडलं. कोसोवोच्या एका मंत्र्याने आपला महिन्याचा पगार, १,५०० युरो, देऊ केला. पाखरू आता झाका-शकिरीच्या हातात राहिलं नव्हतं. राजकारण्यांच्या खांद्यावर जाऊन बसलं होतं.

स्वित्झर्लंडमध्ये विजयाचा आनंद दोन दिवसही टिकला नाही. उजव्या पक्षाच्या एका खासदार बाईंनी जाहीरपणे म्हटलं की हे गोल स्वित्झर्लंडसाठी नव्हते, कोसोवोसाठी होते. प्रशिक्षक व्लादिमिर पेत्कोविच यांनी राजकारण आणि फुटबॉल यांची सरमिसळ करू नका, असं सांगून बघितलं. ते स्वतः सारायेव्होत जन्मलेले. स्विस संघाचे प्रशिक्षक होण्याआधी तिचिनो भागात एका सेवाभावी संस्थेत समाजकार्य करणारे. सरमिसळ म्हणजे काय हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती.

३ जुलैला स्वीडनकडून ०-१ हरून संघ घरी आला आणि त्याच आठवड्यात स्विस फुटबॉल संघटनेचे महासचिव ॲलेक्स मीशर यांनी वर्तमानपत्राला मुलाखत दिली. दोन नागरिकत्वं असलेल्या मुलांना आपल्या अकादमीत घ्यायचं का, याचा विचार करायला हवा, असा तिचा सूर होता. त्या संघातले निम्म्याहून अधिक खेळाडू कुठल्या ना कुठल्या स्थलांतरित घरातले. ज्यांच्या जोरावर गेली दहा वर्षं, एक २०१२ ची युरो स्पर्धा सोडली तर, संघ प्रत्येक मोठ्या स्पर्धेला जात होता, त्यांनाच उंबऱ्यावर अडवून कागद मागण्यासारखं ते होतं. झाकाने जाहीर नाराजी व्यक्त केली, संघटनेच्या अध्यक्षांना सारवासारव करावी लागली आणि मीशर यांनी काही आठवड्यांतच पद सोडत असल्याचं सांगितलं. माझ्या हिशोबी या प्रकरणातलं खरं नुकसान हे, आणि ते सर्बियाने केलेलं नव्हतं.

शकिरीला आणखी एक किंमत मोजावी लागली, तीही दंडाच्या पावतीवर नाही. त्याच जुलैत तो लिव्हरपूलला गेला. चँपियन्स लीगमध्ये गट पडला रेड स्टार बेलग्रेडबरोबर. ऑक्टोबरात घरच्या मैदानावर तो खेळला, लिव्हरपूल ४-० जिंकलं. ६ नोव्हेंबरला बेलग्रेडला जायची वेळ आली तेव्हा व्यवस्थापक युर्गेन क्लॉप यांनी त्याला नेलंच नाही. लक्ष फुटबॉलवर राहावं म्हणून, असं कारण दिलं. लिव्हरपूल तो सामना ०-२ हरलं. दोन सामन्यांची बंदी फिफाने टाळली; त्यातला एक सामना असा वसूल झाला म्हणायचा.

दोहा, मग प्रिश्टिना

२०२२ च्या विश्वचषकात सोडतीने पुन्हा तेच दोन संघ एका गटात टाकले. सर्बियाच्या पहिल्या सामन्याच्या वेळी त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये एक झेंडा टांगलेला होता, त्यावर सर्बियाच्या नकाशात कोसोवो आणि खाली ‘शरणागती नाही’ अशी अक्षरं. फिफाने वीस हजार फ्रँक दंड केला.

२ डिसेंबरला दोहाच्या ९७४ स्टेडियममध्ये सामना झाला. शकिरीने पहिला गोल मारला, सर्बियन प्रेक्षकांकडे वळला, आणि ओठांवर बोट ठेवलं. फक्त बोट. ते तर जगातला कुठलाही खेळाडू करतो. कुठलं कलम लावणार? स्वित्झर्लंड ३-२ जिंकलं. झाका आता कर्णधार होता. सर्बियाच्या बाकाकडे बघून त्याने पँटवर हात नेला, त्यावरून वादावादी झाली. शेवटच्या मिनिटांत पुन्हा धक्काबुक्की झाली तेव्हा त्याला पिवळं कार्ड मिळालं. सामना संपल्यावर त्याने संघातल्या सगळ्यात तरुण पोराची, अर्दोन जशारीची, जर्सी मागून घेतली आणि उलटी घातली, म्हणजे नाव छातीवर आलं. जशारी.

अदेम जशारी हा सर्बियाविरुद्ध लढलेल्या कोसोवो मुक्तिसेनेच्या संस्थापकांपैकी एक. मार्च १९९८ मध्ये प्रेकाझ गावात सर्बियन पोलिसांनी घराला वेढा घालून त्याला आणि त्याच्या घरातल्या, नात्यातल्या पन्नासहून अधिक माणसांना ठार केलं. प्रिश्टिनाच्या विमानतळाला त्याचं नाव आहे. झाकाला विचारलं तर उत्तर तयार होतं: छे, हा आमचा अर्दोन, जिंकलो तर तुझी जर्सी घालेन असं त्याला कबूल केलं होतं. बेलग्रेडमध्ये त्यावर एकाचाही विश्वास बसला नसेल, आणि प्रिश्टिनातही. पण सहकाऱ्याची जर्सी घालण्यावर दंड कसा लावायचा? २०१८ मध्ये त्याला दहा हजार फ्रँक घेऊन जो धडा दिला होता तो त्याने नीट गिरवला होता.

९ सप्टेंबर २०२३ ला युरो पात्रता फेरीत स्वित्झर्लंड प्रिश्टिनाला खेळायला गेलं. कोसोवोविरुद्ध. ज्या शहरातून बाप पकडला गेला त्या शहरात झाका स्वित्झर्लंडची जर्सी घालून, दंडावर कर्णधाराची पट्टी बांधून उतरला. भरपाई वेळेत गोल खाऊन स्वित्झर्लंडने २-२ अशी बरोबरी पत्करली. सामन्यानंतर झाकाने एक जाहीर तक्रार केली आणि दुसऱ्या दिवशी स्विस वर्तमानपत्रांत तिचाच मथळा होता. त्याचं म्हणणं होतं, आठवडाभर आपला सराव नीट झाला नाही.